हाताने तोललेलं लेकरू

वच्छलाबाई थूल यांचा हात कधी चुकत नाही, ही गोष्ट केळझरच्या आसपासच्या पाच गावांत सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होती ती खुद्द वच्छलाबाईंना.

लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला होता. वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी बायका आपापलं गाठोडं घेऊन काट्यापुढे उभ्या राहत, आणि मालकाचा माणूस काट्याला हळूच बोट लावून किलोभर कापूस हवेत उडवी. वच्छलाबाईंची पाळी आली की त्या आधीच बजावत, "साडेअठरा हाय. बोट काढ अन् मंग पाय." बोट निघालं की साडेअठराच भरत. पुढे पुढे बाकीच्या बायकाही आपली गाठोडी आधी वच्छलाबाईंच्या हातात देऊ लागल्या आणि मग काट्यावर टाकू लागल्या. त्या माणसाने बोटाचा नाद सोडला.

तर असा तो हात. त्याचा अभिमान वाटावा असाच होता, यात वाद नाही. पण अभिमान माणसाला कुठे नेऊन ठेवील याचा नेम नसतो.

त्र्याण्णव साली वर्ध्याकडून एक संस्था गावात आली. नवी जन्मलेली लेकरं का दगावतात, याचा तिला अभ्यास करायचा होता. प्रत्येक गावात एक शिकलेली बाई हवी होती, निदान सातवी पास. चाळिशीच्या बायकांत सातवी पास शोधायची म्हणजे ज्वारीत मोती शोधण्यासारखं होतं. वच्छलाबाई मात्र होत्या. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पोर शाळेच्या वयाची होताच त्यांनी तिचं नाव शाळेत घातलं. "एका वेळचं जेवण सोडीन, पोरीची शाळा नाई सोडवणार," असं ते म्हणत, आणि शेवटपर्यंत तसंच वागले. त्या सातवीच्या जोरावर वच्छलाबाईंच्या खांद्यावरचं वेचणीचं फडकं उतरलं आणि तिथे निळी पिशवी आली.

पिशवीत स्प्रिंगचा काटा, कापडाची झोळी, शाईचा डबा आणि कार्डांचा गठ्ठा. काम असं: बाळ जन्मलं की एका दिवसाच्या आत जायचं, झोळीत घालून त्याला काट्याला टांगायचं आणि वजन कार्डावर लिहायचं. काट्यावर दोन किलोच्या खाली तांबडा पट्टा होता. बाळ तांबड्यात आलं तर केळझरला जाऊन फोन करायचा. मग त्याच दिवशी गाडीतून डॉक्टर म्याडम येत, पुन्हा वजन करत, बाळाला छातीशी ऊब कशी द्यायची, वाटीचमच्याने दूध कसं पाजायचं ते आईला शिकवत, रोज येऊन पाहत आणि गरज पडली तर वर्ध्याला दवाखान्यात नेत. बाळ तांबड्याच्या वर असलं तर वच्छलाबाईंनी एकदम चौथ्या दिवशी जायचं. आणि या सगळ्याच्या आधी कार्डावर आईची परवानगी घ्यायची, सही किंवा अंगठा. म्याडमनी तीनदा सांगितलं होतं, "आईची हं, वच्छलाबाई."

पहिल्या महिन्यात गावात अकरा बाळंतपणं झाली. वजनं झाली चार, ती सगळी वच्छलाबाईंच्या स्वतःच्या वस्तीतली. वरच्या आळीत त्यांना छपरीत बसवत. चहा मिळे, पण कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा काही ओलांडू देत नसत. कारण विचारलं की बोट काट्याकडे जाई. "तोलते ते इकाचं असते बाई," जिजाबाई उमाटे म्हणाल्या. "कापूस तोला, ज्वारी तोला. लेकरू का इकाचं हाय?" जिजाबाई म्हणजे आळीतल्या मोठ्या खटल्याच्या कर्त्या बाई. त्यांचा शब्द तिथे कायदा होता.

खरं कारण काटा की काटा आणणारी बाई, हे वच्छलाबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण काटा बाजूला ठेवता येत होता. एक दिवस जिजाबाईंची लेक बाळंत झाली तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, "काटा नाई काढत. नुसतं हातात तं द्या. तुमच्याच वावरात वेचला नं मी कापूस, माया हात तुमाले मालूम हाय."

जिजाबाईंना हसू आलं. त्यांनी नातीला आणून वच्छलाबाईंच्या हातात दिलं. वच्छलाबाईंनी डोळे मिटले, बाळ जरा वरखाली केलं आणि म्हणाल्या, "दोन किलो सातशे."

"गाठोड्यावाणी सांगतलं व माय!" जिजाबाई खूश झाल्या. त्या दिवशी वच्छलाबाईंना आतल्या खोलीत बसवलं आणि चहा घरच्या कपात आला. त्या कपाची गोष्ट त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला, रूपरावांना, दोनदा सांगितली. रूपराव म्हणाले, "एका कपात एवढी हुरळू नको." पण त्या हुरळल्या. वीस वर्षं ज्या घरांच्या ओसरीवरून आत पाहिलं नव्हतं, तिथे आता त्यांच्या हातात बाळं देत होते. कोण हुरळणार नाही?

मग आळीत तीच रीत पडली. सासू बाळ आणून देई, वच्छलाबाई हाताने तोलत, कार्डावर आकडा लिहीत आणि शाईचा डबा सासूपुढे धरत. सासू अंगठा उठवी. बाळंतीण बाजेवर पडलेली असे. तिला कोणी विचारत नसे, कारण घरात तिला कशातच विचारत नव्हते, मग यातच का विचारा? आपल्या वस्तीत मात्र वच्छलाबाई आधी हाताने तोलत, मग काट्याला लावून पाहत. पन्नास ग्रॅमच्या वर फरक कधी पडला नाही. त्यामुळे त्यांचं मन शांत होतं. म्याडमना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बैठकीत म्याडम त्यांची कार्डं वर धरून दाखवत, "हे बघा, एकही रकाना रिकामा नाही," तेव्हा बाकीच्या गावच्या बायका मत्सराने बघत आणि वच्छलाबाई पदर सावरून बसत.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, जिजाबाईंची सून अन्नपूर्णा बाळंत झाली. तळेगावची पोर, एकोणीस वर्षांची, नववी पास. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण महिनाभर आधीच कळा आल्या आणि ती सासरीच मोकळी झाली. मुलगा झाला. वच्छलाबाई सकाळीच गेल्या.

जिजाबाईंनी नातू त्यांच्या हातात दिला. वच्छलाबाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. हात म्हणाला, एकोणीसशे. त्यांनी बाळ पुन्हा वरखाली केलं. एकोणीसशे. पन्नास इकडेतिकडे धरले तरी तांबड्यातच.

बाजेवरून अन्नपूर्णाचा आवाज आला, अगदी हळू. "मावशी, तुमच्या पिशवीत काटा हाय नं? लावून पाहा नं एकदा. लहान वाटून राह्यला मले."

"तुले काय समजते?" जिजाबाई म्हणाल्या. "पडून राह्य चुपचाप."

वच्छलाबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. त्यांनी सासूकडे पाहिलं. आणि एका क्षणात त्यांच्या डोक्यात सगळा हिशोब उभा राहिला. एकोणीसशे लिहिलं की फोन करावा लागणार. फोन केला की गाडी येणार, म्याडम काटा काढणार, आणि जिजाबाई सगळ्यांदेखत म्हणणार, आमच्या वच्छलाबाई तं हातानंच तोलतात, तुमी काऊन टांगता? मग आजवरची सगळी कार्डं उघडी पडणार. पिशवी जाईल, आणि ही दारं पुन्हा बंद होतील. बाळ रडत होतं. मुठी वळत होतं. थोडं बारीक आहे, भरेल आठ दिवसांत, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाला सांगायला काय लागतं, ते ऐकायला टपलेलंच असतं.

"दोन किलो शंभर," त्या म्हणाल्या आणि तेच लिहिलं.

जिजाबाईंनी अंगठा उठवला. बाजेवर अन्नपूर्णाने हात पुढे केला होता. वच्छलाबाईंनी त्या हातात बाळ दिलं आणि पिशवी उचलली.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाळ गार पडलं. आदल्या दुपारपासून त्याने दूध ओढलं नव्हतं. वच्छलाबाईंना निरोप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या तशाच धावत गेल्या. जिजाबाईंनी त्यांना बोल लावला नाही. उलट त्यांचा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं व वच्छले, काट्यानं तोललं नव्हतं. नाईतं उगीच तुयावर ठपका आला असता." वच्छलाबाईंना वाटलं, धरणी दुभंगावी. आत अन्नपूर्णा भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या आत गेल्या नाहीत. कार्डावर त्यांनी एका ओळीत तारीख लिहिली आणि घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. रूपरावांनी विचारलं, तर डोकं दुखतं म्हणाल्या.

पुढच्या महिन्यापासून त्यांनी काटा बाहेर काढला. पहिल्याच घरी त्या उभ्या राहून म्हणाल्या, "आतापासून झोळीतच तोलीन. नाईतं कार्ड नाई भरत." आणि नवल असं, की दोन घरांनी हुज्जत घातली, एका सासूने आठवडाभर बोलणं टाकलं, आणि बाकीचे काट्याला वरून काळा दोरा बांधा म्हणाले, बस. काळा दोरा बांधला की झालं. जिजाबाईसुद्धा म्हणाल्या, "बांध बाप्पा दोरा, अन् तोल." कप घरचाच आला. ज्या भीतीपायी त्यांनी तो आकडा लिहिला होता, त्या भीतीत एवढाही दम नव्हता. हे वच्छलाबाईंना फार लागलं. भीती खरी निघाली असती तर निदान तिच्यावर तरी खापर फोडता आलं असतं.

ते बाळ काट्याला लावलं असतं तर वाचलं असतं का? कोण सांगणार? म्याडम रोज येत असूनही तांबड्यातली काही बाळं दगावली. काही वाचली. त्यांतला एक तर पुढे दहीहंडीत सगळ्यांत वर चढायचा. त्याला पाहिलं की वच्छलाबाई वाट बदलत.

अन्नपूर्णाला शहाण्णव साली मुलगी झाली, मयुरी. या वेळी ती सातव्या महिन्यातच हट्ट धरून तळेगावला गेली आणि तिथून वर्ध्याच्या दवाखान्यात. एवढी गरीब पोर एकदम कशी काय हटून बसली, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. वच्छलाबाईंना वाटलं नाही.

अभ्यास संपला, संस्था गेली. वर्षं गेली. रूपराव गेले, पाठोपाठ जिजाबाई गेल्या. वच्छलाबाई अंगणवाडीत मदतीला जात, आणि गावात अजूनही कोणी बाळ पाहायला बोलावलं तर म्हणत, "मले हातात नका देऊ. माये हात थरथरतेत." हात मुळीच थरथरत नव्हते.

दोन हजार नऊ साली त्याच म्याडम पुन्हा आल्या, केस पिकलेल्या. शाळेत सभा भरवली. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी आम्ही तुमच्याकडून माहिती घेऊन गेलो आणि तुम्हाला परत काही दिलं नाही. काय विचारायचं, कसं विचारायचं, ते आम्हीच ठरवलं. या वेळी तसं नाही. गावातल्या आया आणि शाळेतली मुलं मिळून समिती करू. आमचं कुठे चुकतंय ते समिती सांगेल." आयांमधून अन्नपूर्णाचं नाव आलं, बचत गट तीच चालवत होती. मुलांमधून तेरा वर्षांच्या मयुरीचं आलं. मग जुन्या कार्डांच्या नकला पाकिटात घालून घरोघरच्या हाती दिल्या. तांबडा पट्टा काय, दोन किलोच्या आत असलं की काय करायचं, हे म्याडमनी सगळ्यांना पुन्हा समजावून सांगितलं. आणि शेवटी वच्छलाबाईंना पुढे बोलावून शाल दिली, नारळ दिला. "आमच्या सगळ्या गावांत यांचीच कार्डं पूर्ण होती," असं म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. वच्छलाबाईंना खुर्चीत बसवत नव्हतं.

चहा सुरू झाला तेव्हा मयुरीचा आवाज आला. "आई, तू तं सही करते नं? मंग दादाच्या कार्डावर हा अंगठा कोनाचा हाय?"

अन्नपूर्णाने कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग मयुरीला चहा वाटायला धाडलं आणि ती वच्छलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"अंगठा सासूबाईचा हाय, मले समजते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पण मावशी, हे वजन कोनतं हाय? काटा तं तुमच्या पिशवीतून निघालाच नव्हता."

"हाताचं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"हातानं हेच सांगतलं होतं?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. जिजाबाई नव्हत्या. त्या खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. हाताने काय सांगितलं, ते हाताशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. खांद्यावर शाल होती, मांडीवर नारळ होता. वच्छलाबाईंनी पंधरा वर्षं वाट पाहिली होती की कोणीतरी हे विचारावं, आणि पंधरा वर्षं प्रार्थना केली होती की कोणी विचारू नये.

"नाई," त्या म्हणाल्या. "एकोणीसशे. दोनदा पाह्यलं मी. एकोणीसशेच होतं."

अन्नपूर्णा पुढे पाहत राहिली. "म्हंजे दोनच्या आत."

"हो."

"मंग गाडी आली असती."

"आली असती माय."

दाराशी मुलं चहाच्या कपांवरून भांडत होती. अन्नपूर्णाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. "पंधरा वर्स मले वाटून राह्यलं का मायंच दूध कमी पडलं," ती म्हणाली. "सासूबाई मरेपर्यंत तेच म्हनत होत्या. हेबी एकदा म्हनले. दोन किलो शंभर, चांगलं भरलेलं पोरगं होतं, माईनंच धड पाजलं नाई. तुमचाच आकडा सांगत होते सगळे."

वच्छलाबाईंनी पुष्कळ शिक्षा मनात घोळवल्या होत्या. बाळ त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हललंच नव्हतं. पण आपण लिहिलेला आकडा त्या घरात पंधरा वर्षं या पोरीला रोज चावत राहिला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं. अन्नपूर्णाने त्यांची समजूत घातली नाही. का घालावी?

तिने पिशवीतून पेन काढला आणि कार्ड वच्छलाबाईंच्या मांडीवर, नारळाशेजारी ठेवलं. "बरोबर लिहून द्या. घरी दाखवाचं हाय मले."

वच्छलाबाईंनी दोन हजार शंभर खोडलं, वर एकोणीसशे लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. या वेळी हात खरोखरच थरथरत होते. अन्नपूर्णाने पेन परत घेतला. जिजाबाईंच्या अंगठ्याशेजारी बोटभर जागा उरली होती. तिथे तिने सावकाश, एकेक अक्षर नीट काढत सही केली.

"त्या दिवशी मी हात केलता नं पुढं," ती सही वाळवत म्हणाली, "लेकरू नाई मांगत होती मी. पेन मांगत होती."

मग उठता उठता तिने विचारलं, "म्याडमले तुमी सांगता का मी सांगू?"

"मीच सांगतो," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी शाल काढून घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला, आणि दोन्ही घेऊन त्या म्याडमकडे निघाल्या.